खासदारांच्या हाती काय द्यावे

निवेदन दिले, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली आणि विषय तिथेच थांबला. हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री या जळगाव रोडच्या पट्ट्यात असे किती विषय थांबले असतील! लोक म्हणतात, खासदार दिल्लीत आपले काही मांडत नाहीत. काही वेळा ते खरेही असते. पण संसदेत विषय मांडायचा तर तो ठरावीक घडणीत, ठरावीक मुदतीत आणि नेमक्या मंत्रालयाच्या नावे जावा लागतो. आपण देतो त्या निवेदनात बहुतेक वेळा यातले काहीच नसते. ‘रस्ता, पाणी, वीज, शेतमालाचा भाव, तरुणांना रोजगार या मागण्या तातडीने मान्य कराव्यात’ एवढ्या एका कागदावर कोणताही खासदार लोकसभेत बोलू शकत नाही, मग तो कितीही तळमळीचा असो. म्हणून हा लेख खासदारांसाठी नाही, त्यांच्याकडे कागद घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी आपला खासदार कोण, हे बघा. प्रश्न बाळबोध वाटेल, पण आपल्या जिल्ह्यात तो खरोखरच चुकतो. छत्रपती संभाजीनगर जिल्हा दोन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे तीन विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत येतात. शहरातले मध्य, पूर्व व पश्चिम आणि कन्नड, गंगापूर, वैजापूर हे सहा औरंगाबाद लोकसभेत. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले तरी मतदारसंघाचे अधिकृत नाव २०२४ च्या निवडणुकीतही औरंगाबाद हेच होते, त्यामुळे संसदेच्या संकेतस्थळावर शोधताना त्याच नावाने शोधावे. २०२४ मध्ये जालन्यातून कल्याण काळे निवडून आले आणि औरंगाबादमधून संदिपान भुमरे. हे दोघेही आधी ग्रामीण भागाचे आमदार होते, काळे फुलंब्रीचे आणि भुमरे पैठणचे. फुलंब्री विधानसभेची हद्द थेट शहराच्या वेशीला भिडते, त्यामुळे हर्सूल परिसरातल्या माणसाने अंदाजाने चालू नये. आपल्या मतदार ओळखपत्राच्या मागच्या बाजूला विधानसभा मतदारसंघ छापलेला असतो. तो वाचला की लोकसभा कळली. रस्ता, बाजार किंवा धरण दोन्ही मतदारसंघांचे असेल, तर कागद दोघांनाही द्या. एकाच विषयावर दोन वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी प्रश्न विचारले तर मंत्रालयाला ते टाळणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट, हा विषय संसदेचा आहे का? इथेच सगळ्यात जास्त श्रम वाया जातात. हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह घ्या. तिथल्या गर्दीचा, कैद्यांच्या भेटीच्या सोयीचा विषय मनाला कितीही लागला तरी तुरुंग हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे. लोकसभेत त्यावर थेट प्रश्न दिला तर तो दाखल होणार नाही. तो आमदारांकडून विधानसभेत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी म्हणून जायला हवा. कारागृहांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने महाराष्ट्राला किती निधी दिला, हे मात्र लोकसभेत विचारता येते. हर्सूल तलावाची, त्यातल्या गाळाची आणि काठावरच्या अतिक्रमणांची कथाही तशीच. ती महापालिका आणि राज्य सरकार यांच्यातली बाब आहे.

शहराच्या पाण्याचे प्रकरण जरा वेगळे. पाणीपुरवठा राज्याचा विषय, पण जायकवाडीहून येणाऱ्या नव्या योजनेचा सुधारित आराखडा २,७४० कोटींचा आणि तो केंद्राच्या ‘अमृत २.०’ मध्ये घेतलेला. इथे केंद्राचा पैसा आला की प्रश्न विचारण्याचा दरवाजा उघडतो. नळाला इतक्या दिवसांआड पाणी का, असे लोकसभेत विचारून उपयोग नाही. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाला असे विचारायचे, की अमृत २.० मधून या योजनेसाठी किती हप्ते कोणत्या तारखांना दिले, त्यांच्या उपयोगिता प्रमाणपत्रांची स्थिती काय आणि योजना पूर्ण करण्याची मुदत किती वेळा वाढवली. विषय एकच, पण विचारण्याचा रस्ता निराळा.

कापसाचा विषय तर एका कागदावर मावतच नाही. आपल्या पट्ट्यात शेतकरी म्हणतो, ‘कापसाला भाव द्या.’ हमीभाव ठरवण्याचे काम कृषी मंत्रालयाकडे, भारतीय कापूस महामंडळाची खरेदी केंद्रे वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे आणि आयात शुल्क अर्थ मंत्रालयाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले गेले आणि ती सवलत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली गेली. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. यावर तीन मंत्र्यांना तीन वेगळे प्रश्न द्यायला हवेत. एकाच प्रश्नात तिघांना ओढले तर उत्तरात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आता कागद कसा लिहायचा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळे इथेच ठरते.

जळगाव रोडचे उदाहरण घेऊ. हा राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ. ‘हर्सूल ते फुलंब्री रस्त्यावर रोज अपघात होतात, प्रशासन झोपले आहे, तरी तातडीने उपाययोजना करावी’ असे निवेदन सगळ्यांनी पाहिले आहे. यातल्या एकाही वाक्याचा प्रश्न होत नाही. प्रश्नात आरोप, विशेषणे, तर्क किंवा मत चालत नाही असा लोकसभेचा नियमच आहे, आणि शब्दमर्यादा १५० ची. त्यामुळे लिहिण्याआधी तीन कामे करावी लागतात. पहिले, तो टप्पा सध्या नेमका कोणाच्या ताब्यात आहे, महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा की अन्य कोणी, हे लेखी विचारून घ्यावे. दुसरे, अपघातांची नोंद मिळवावी. या रस्त्याचा शहराकडचा भाग शहर पोलीस आयुक्तालयात आणि पुढचा ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या हद्दीत, त्यामुळे आकडे दोन ठिकाणी विभागलेले असतात. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावे लागतात. एकीकडचाच आकडा घेतला तर रस्ता कागदावर अर्धाच धोकादायक दिसतो. तिसरे, केंद्राची स्वतःची व्याख्या वापरावी. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण अपघातप्रवण स्थळ मानले जाते. आपल्या गावाजवळचे वळण या मापात बसत असेल तर ते त्याच शब्दांत लिहावे.

एवढे झाले की प्रश्नाचा मसुदा असा होतो: (क) राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफच्या सावंगी ते फुलंब्री टप्प्यात गेल्या तीन वर्षांत झालेले अपघात, मृत्यू व जखमी यांची वर्षनिहाय संख्या किती; (ख) या टप्प्यात कोणती अपघातप्रवण स्थळे निश्चित केली आहेत; (ग) त्या प्रत्येक ठिकाणी कोणती कामे मंजूर असून त्यांवर आजवर किती खर्च झाला; (घ) उर्वरित कामे कोणत्या महिन्यापर्यंत पूर्ण होतील? चार ओळींच्या या कागदाला उत्तर द्यायला मंत्रालयाच्या अधिकाऱ्याला संभाजीनगरच्या कार्यालयातून माहिती मागवावीच लागते. दिल्लीहून विचारणा आली की इथली फाइल हलते, हा या सगळ्याचा पहिला फायदा. उत्तर हा दुसरा.

मसुद्यासोबत एक पान जोडा. त्यात ठिकाणांची नावे, तारखा, मिळालेल्या माहितीच्या प्रती, दोन फोटो आणि एका जबाबदार माणसाचा मोबाइल नंबर असावा. खासदारांना सभागृहात पुरवणी प्रश्न विचारायचा असेल तर हेच पान उपयोगी पडते. मराठी मसुद्यासोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रतही द्या, कारण प्रश्नाची नोटीस त्याच भाषांत जाते. खासदारांच्या कार्यालयात तुमचा कागद आधी त्यांचे स्वीय सहाय्यक वाचतात. त्या माणसाला रात्री अकरा वाजता बसून भाषांतर करावे लागू नये, एवढी तयारी आपण करावी. कागद दिला की आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका. ‘साहेबांच्या हातात दिलंय’ ही पोच नव्हे.

सावंगी, चौका, पिसादेवी अशा गावांना ग्रामसभेचा ठराव जोडता येतो आणि त्याला वजन असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा तर होतातच, त्यांत विषय घ्यायला लावा. शहराच्या हद्दीतल्या हर्सूलला आता ग्रामसभा नाही. तिथे नगरसेवकांचे पत्र आणि वसाहतीतल्या रहिवाशांच्या सह्या, प्रत्येकाच्या पूर्ण नाव-पत्त्यासह, हे चालते.

वेळेचे गणित कडक आहे. लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. तो तक्ता अधिवेशनाआधी जाहीर होतो. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीच्या अखेरीस, पावसाळी जुलैत आणि हिवाळी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरू होते. म्हणजे रस्त्याचा कागद डिसेंबरअखेर, जूनमध्ये किंवा ऑक्टोबरात खासदारांच्या टेबलावर हवा. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन दिल्ली गाठणारी शिष्टमंडळे बहुधा उशीर करून पोहोचलेली असतात.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पण दिवसाला असे वीसच प्रश्न यादीत येतात, तेही सोडतीने, आणि तासाभरात त्यांतले मोजकेच तोंडी होतात. अतारांकित प्रश्नांची यादी २३० पर्यंत जाते आणि त्यांना लेखी उत्तर मिळते. खेड्यापाड्याच्या विषयाला अतारांकित प्रश्नच जास्त कामाचा, असे माझे ठाम मत आहे. त्याचा व्हिडिओ होत नाही, टाळ्या पडत नाहीत, पण मंत्रालयाची लेखी कबुली हातात येते. पुढे न्यायालयात जायचे असो वा जिल्हाधिकाऱ्यांकडे, तोच कागद उपयोगी पडतो. खासदारांना आग्रह करायचा तर याचा करा.

अचानक काही घडले, गारपीट झाली, पूल वाहून गेला, खरेदी केंद्र बंद पडले, तर पंधरा दिवस थांबता येत नाही. त्यासाठी शून्य प्रहर आहे. प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर खासदार थोडक्यात बोलतात. तिथे मंत्र्यांनी लगेच उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन नसते. दुसरा मार्ग नियम ३७७ चा. त्यात २५० शब्दांच्या आतला मजकूर आधी मंजूर करून घेऊन वाचला जातो किंवा पटलावर ठेवला जातो, आणि संबंधित मंत्रालयाने खासदारांना लेखी उत्तर पाठवणे अपेक्षित असते. एका सदस्याला आठवड्यात असा एकच विषय मिळतो. म्हणून मजकूर तुम्हीच २५० शब्दांत बसवून द्या. सुरुवातीची तीन वाक्ये गावाच्या इतिहासावर खर्च झाली तर मागणीला जागा उरत नाही.

भाषेबद्दल. ‘आमच्या साहेबांची हिंदी तोकडी पडते’ अशी खंत ग्रामीण भागात हमखास ऐकू येते. ती सोडून द्यावी. राज्यघटनेच्या १२० व्या अनुच्छेदाने सदस्याला अध्यक्षांच्या अनुमतीने मातृभाषेत बोलता येते, आणि मराठीचे तत्काळ भाषांतर सभागृहात उपलब्ध आहे. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये आपल्या मराठवाड्यातल्या बीडमधून लोकसभेवर गेले; लोकसभेत मराठीतून बोलणारे खासदार म्हणून आजही त्यांचे नाव घेतले जाते. शेतकऱ्याचे दुखणे त्याच्याच भाषेत मांडणाऱ्या माणसाला दिल्लीत कमीपणा येत नाही. उलट पीकविमा, बोंडअळी, खोडवा, नांगरट या गोष्टी मराठीत जेवढ्या नेमक्या येतील तेवढ्या घोकलेल्या हिंदीत येत नाहीत. खासदारांना तसे सांगा आणि टिपणही मराठीत तेवढेच नेटके द्या.

खासदार केंद्रात मंत्री झाले तर अडचण वेगळी असते, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत. जालन्याचे रावसाहेब दानवे २०१९ ते २०२४ या काळात राज्यमंत्री होते, त्यांत २०२१ पासून रेल्वेचे. अशा वेळी मंत्र्यांकडून थेट काम करून घेण्याचा मार्ग असतोच. जोडीला शेजारच्या मतदारसंघाचे खासदार किंवा महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या १९ सदस्यांपैकी कोणी गाठावे. राज्यसभेचे खासदार आपला निधीही राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात देऊ शकतात.

लोकांनी कागद आधी तयार केला आणि खासदाराने तो सभागृहात नेला, याचे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण शिरोळच्या राजू शेट्टींचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत देशभरातल्या शेतकरी संघटनांनी किसान मुक्ती संसद भरवली आणि कर्जमुक्ती व हमीभावाच्या कायदेशीर हक्काचे दोन मसुदे तिथे मांडले. हातकणंगलेचे खासदार असलेल्या शेट्टींनी २०१८ मध्ये तेच खासगी विधेयके म्हणून लोकसभेत सादर केले. ती मंजूर झाली नाहीत. स्वातंत्र्यापासून आजवर अशी १४ च खासगी विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तरीही त्या मसुद्यांमुळे ‘भाव द्या’ ही घोषणा कलमांच्या भाषेत लिहिली गेली, आणि पुढच्या प्रत्येक आंदोलनाला चर्चेसाठी तयार कागद मिळाला. विधेयक मंजूर होईल या आशेवर राहू नका, पण मागणी इतकी नीट लिहिता येते हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

खासदार कोणत्याही कारणाने दाद देत नसतील तर लोकसभेच्या याचिका समितीकडे नागरिक स्वतः जाऊ शकतात. याचिका लोकसभेला उद्देशून, आदराच्या भाषेत, शेवटी नेमकी मागणी लिहून, सह्या आणि पत्त्यांसह द्यायची. मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही सही करायची. न्यायालयात असलेला, राज्य विधिमंडळात मांडायला हवा असा किंवा कायद्याने दुसरा उपाय उपलब्ध असलेला विषय तिथे घेतला जात नाही. सभागृहात ती मांडायची असेल तर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते.

खरे काम उत्तर आल्यानंतर सुरू होते आणि नेमके तिथेच लोक थकतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. खासदाराचे नाव, मंत्रालय आणि अधिवेशन टाकून शोधता येते. छापून घ्या आणि एकेक शब्द वाचा. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती संकलित करून पटलावर ठेवली जाईल’ अशा वाक्यांनी निराश होण्याचे कारण नाही. ती सरकारने सभागृहाला दिलेली आश्वासने मानली जातात. त्यांच्या पूर्ततेवर लक्ष ठेवायला स्वतंत्र आश्वासन समिती आहे, आणि पूर्ततेची अपेक्षित मुदत तीन महिन्यांची. म्हणून उत्तराच्या तारखेपासून तीन महिने मोजा. त्यानंतर खासदारांना दुसरा कागद द्या, की अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या प्रश्नाला दिलेल्या आश्वासनाचे काय झाले. नव्याने निवेदन लिहिण्यापेक्षा या दोन ओळी जास्त बोलतात.

हीच उत्तरे जिल्ह्यातही वापरता येतात. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, जिला सगळे ‘दिशा’ म्हणतात, तिचे अध्यक्ष खासदार असतात आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी असे ठरलेले आहे. जिल्हाधिकारी आणि विभागप्रमुख समोर बसलेले असतात. दिल्लीत मंत्र्याने दिलेले उत्तर आणि इथल्या अधिकाऱ्याची माहिती जुळत नसेल, तर ते दाखवायची जागा तीच. बैठकीची तारीख जिल्हाधिकारी कार्यालयातून विचारून घ्या आणि खासदारांना आठवडाभर आधी उत्तराची प्रत द्या.

काम छोटे असेल, बसथांब्याचे शेड, गावातला हातपंप, शाळेची खोली, तर संसदेची वाट धरू नका. खासदाराला स्थानिक विकास निधीत वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. त्यांतले १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी राखायचे असतात. खासदार काम सुचवतात, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. शिफारसपत्र निघाले म्हणजे काम झाले असे समजू नये. नियोजन विभागात प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक मिळेपर्यंत विचारत राहावे.

ही सगळी रीत वापरायला एक विषय समोरच आहे. जालना-जळगाव नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. लांबी १७४ किलोमीटर, खर्च ७,१०० कोटींच्या पुढे. भोकरदन, सिल्लोड, अजिंठा हा पट्टा त्यामुळे रेल्वेला जोडला जाईल. आता विचारायचे आहे ते भूसंपादनाचे: कोणत्या गावात किती हेक्टर, मोबदला किती जणांना मिळाला, यंदाच्या अर्थसंकल्पात तरतूद किती. या गावांतल्या शेतकऱ्यांनी पुढच्या अधिवेशनाच्या दीड महिना आधी गट क्रमांकांची यादी घेऊन बसावे आणि रेल्वे मंत्रालयाच्या नावे चार कलमांचा प्रश्न लिहून काढावा. एक प्रत जालन्याच्या खासदारांना, एक जळगावच्या, आणि दोन्हीकडची पोच आपल्या फाइलला.